बरणीत मासा घेऊन हिंगोलीला

हिंगोलीकडचे लोक समुद्र बघायला आमच्याकडे येतात. मी उलटी गेले. सोबत कपड्यांची पिशवी, कोकमाच्या सोलांचं पाकीट आणि लोणच्याच्या काचेच्या बरणीत एक वाळवलेला मासा. तुम्हाला मराठवाड्यात फिरायचं असेल तर गाडी कुठली, खायचं काय हे पुढे सांगतेच, पण आधी माशाचं सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मी घाट चढलेच नसते.

मालवणच्या दक्षिणेला एका वाडीत मी आणि माझा भाऊ पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतो. दिवाळीनंतर हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याकडच्या गावातून एक गाडीभर मंडळी आली. त्यांतलं एक साठीतलं जोडपं, गयामावशी आणि मारोतीमामा. थोडी शेती, पाच-पन्नास मेंढरं, मुलगा पुण्यात, मुलगी सासरी. दोघांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. मी सगळ्यांना बजावलं होतं की खडकांच्या बाजूला जाताना पायात काहीतरी असू द्या. मावशींच्या पायात चप्पल होतीही. पण पाण्यापाशी गेल्यावर त्यांनी ती काढली आणि ओहोटीच्या उथळ पाण्यात तिसऱ्या का चौथ्या पावलाला त्या मटकन खाली बसल्या. पाय विंचूमाशावर पडला होता.

हा मासा तुम्ही पाहिला असाल तरी तुम्हाला दिसला नसेल. तळहाताएवढा, अंगावर पुटकुळ्या, रंग शेवाळलेल्या दगडाचा. तळाशी वाळूत निम्मा रुतून पडून राहतो. बारीक मासळी तोंडासमोरून गेली की तोंड उघडतं आणि मासळी नाहीशी होते. पाठीवर काट्यांची रांग आणि काट्यांत विष. आमच्याकडे कुणी त्याला दगडमासा म्हणतं, कुणी आणखी काही, पण तो लागला की काय करायचं यावर सगळ्यांचं एकमत आहे. सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा. आम्ही तेच केलं. मावशी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या आणि मामा पातेल्यातलं पाणी गार होतंय का ते सारखं बोट घालून बघत होते. गाडी बाकीच्यांना घेऊन पुढे गेली. हे दोघं माझ्याकडेच राहिले, पायाची सूज उतरेपर्यंत. त्या दिवसांत मावशींनी मला भाकरी थापायला शिकवली आणि मी त्यांची लेक झाले.

मामा मात्र गप्प झाले होते. एकदाच त्यांनी विचारलं, "ताई, त्यो तिथं काहून पडला व्हता?" मी आपली सहज सांगून बसले की तो असाच टपून बसतो. मामांनी तेवढाच शब्द उचलला आणि गावी नेला.

माघात मावशींचा फोन आला. पाय बरा होता, पण मामा त्यांना मेंढरांमागे जाऊ देत नव्हते. पाणी ते आणणार, सरपण ते आणणार, मेंढरं ते नेणार. "लगीन होऊन आले तवापासून मी माळावर चालून राहिले," मावशी म्हणाल्या, "अन् आता ओट्यावर बसून राहा म्हनतात. मी बसले की मोडते गं माय. कुठंबी काही टपून बसलंय म्हनतात. तू ये अन् त्यांना त्यो मासा दाखव एकदा. त्यांनी पाह्यला न्हाई न त्यो."

खरंच पाहिला नव्हता. त्या दिवशी गडबडीत मासा कोण बघतो. त्याच आठवड्यात भावाच्या जाळ्यात तसाच एक मेलेला आला. मी तो चिमट्याने उचलून जाड्या मिठात पुरला, मग छपरावर कडक वाळवला. मेल्यावरही काट्यांवर भरवसा ठेवायचा नसतो, म्हणून काचेची बरणी आणि झाकणाला मेण. भाऊ म्हणाला, "अगो, माशाचा तिकीट काढलंस काय?"

आता प्रवास. मालवणहून एसटीने फोंडा घाट चढून कोल्हापूर, बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा खिशाला चटका नाही. कोल्हापूरहून नागपूरला जाणारी एक गाडी हिंगोलीवरून जाते. ती रोज नसते, म्हणून आधी दिवस बघा आणि मग सुट्टी मागा. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण चादर घ्या. पहाटे मराठवाड्यात थंडी अशी काही शिरते की दमट हवेत वाढलेल्या माझ्यासारखीला रडू येईल. मिरजेच्या पुढे समोरच्या बाकावरच्या काकूंनी नाक मुरडून विचारलं, "कुणाकडे सुकट आहे का?" मी बरणी शालीत गुंडाळली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

हिंगोलीला उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. स्टेशनबाहेर चहा आणि गरम भजी. चहावाला गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि बायकोशी मराठीत बोलत होता. रिक्षाने स्टँड गाठला आणि नांदेडकडे जाणारी एसटी धरली. कळमनुरी, बाळापूर, मग डोंगरकडा. या रस्त्याला माघ-फाल्गुनात या. जागोजागी हळद शिजत असते. शेताच्या कडेला मोठाल्या कढया, वाफेचे लोट, आणि तो ओल्या मातीत मिसळलेला उग्र वास गाडीच्या खिडकीतून थेट आत येतो. घरी डब्यात असते ती हळद एवढी कष्टाची असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. आणि जमीन काळीभोर. सपाट म्हणता म्हणता मधेच मुरमाड माळ वर येतात, त्यांवर बाभळी आणि मेंढरं. क्षितिज होतं, पण त्यात पाणी नव्हतं. मला पहिला दिवसभर कुठल्या बाजूला तोंड करून बसावं ते कळेना.

मामा फाट्यावर उभे होते. डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "तकलीफ झाली असंल. एवढ्या दूरून काहून आले तुमी?" मी म्हटलं, मावशींच्या हातची भाकरी खायला. ते खोटं नव्हतं.

मावशी ओट्यावरच होत्या. मला बघून उठल्या तशी मामांनी लगेच पुढे होऊन पायरीवरचा एक खडा उचलून बाजूला टाकला. इतका बारीक खडा की मुंगीला अडला नसता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळा फोन होता.

जेवण सांगते. ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाचा ठेचा आणि शेतातून भाजून आणलेला हुरडा, दह्याबरोबर. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हटलं तर मावशींनी अर्धी टाकलीच. जेवण झाल्यावर मी विषय काढला. बरणी शालीतून बाहेर काढायला घेतली, तोच मामा उठले.

"त्याला घरात आणू नका, ताई."

"मामा, मेलाय तो."

"मेला असंल. पर नका." आणि ते मेंढरांकडे निघून गेले. मावशींनी बरणी उचलली, कट्ट्यावर ठेवली आणि तिच्यावर टोपलं पालथं घातलं, कोंबडीवर घालतात तसं. म्हणाल्या, "राहू दे आज. उद्या नरसीला जाऊ. तिथं गेले की ते बोलतेत."

दुसऱ्या दिवशी नरसी. गावाहून एसटीने पुन्हा हिंगोली, तिथून शेअर जीप. जीपमध्ये जेवढी माणसं मावतात असं तुम्हाला वाटतं त्याच्या दीडपट बसतात, पण म्हाताऱ्यांना खिडकी देतात. नामदेवांचं जन्मगाव, म्हणून रस्त्याला पेढ्यांची, माळांची, प्रसादाची दुकानं. देवळात गर्दी नव्हती. टाळ वाजवत बसलेल्या एका आजोबांनी आम्हाला बसायला सतरंजी सरकवली. मावशींनी डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. काय ते मला माहीत होतं.

मग आम्ही कयाधूच्या काठाला उतरलो. माघातली नदी, पाणी घोट्याएवढं, दगड उघडे पडलेले. मला पाणी दिसलं की थांबवत नाही. मी तशीच चपलांसकट पाण्यात उतरले.

"ताई." मामांचा आवाज अगदी हळू आला. "चप्पल काढा. नदी हाय."

मी वळून बघितलं. काठावर एका ओळीत चपला होत्या. धुणं धुणाऱ्या बाईच्या, गुडघाभर धोतर वर घेऊन तोंड धूत असलेल्या माणसाच्या, दोन शाळकरी पोरींच्या. पाण्यात एकाच्याही पायात काही नव्हतं. आमच्याकडे उलटं. खडकाळ पाण्यात अनवाणी शिरणाऱ्याला आम्ही वेडा म्हणतो. इथे देवळात चपला घालून जाण्यासारखं ते होतं. मी मुकाट्याने बाहेर आले आणि माझ्या चपला त्या ओळीत नेऊन ठेवल्या.

मामा माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी बोलायला सुरुवात केली ती नदीकडे बघत. "तिची चप्पल मीच काढाया लावली व्हती. ती म्हनली, पोरीनं सांगितलंय पायात ऱ्हाऊ द्या. मी म्हनलो, एवढी मोठी गंगा हाय, तिच्यात चप्पल घालून जातेत का कुणी. तिनं माझं ऐकलं." थोडं थांबून म्हणाले, "जन्मभर तिनं माझं लई ऐकलं ताई. एकदा तरी न्हाई म्हनाया पायजे व्हतं."

एवढा प्रवास करून मी गरम पाण्याबद्दल, विषाबद्दल, काट्यांबद्दल काय काय ठरवून आले होते, आणि हे काही त्यात बसत नव्हतं.

तोवर मावशी पदर खोचून पाण्याकडे निघाल्या होत्या. मामा घाईने त्यांच्या पुढे झाले. काठी टेकत, एकेक दगड आधी काठीने हलवून मग स्वतःच्या पायाने चाचपून, ते मावशींसाठी वाट करत गेले. घोट्याएवढ्या पाण्यात. जिच्यावर खाली गावाकडे त्यांनी लहानपणापासून मेंढरं पाजली त्या नदीत. मावशी त्यांच्या मागे, त्यांनी पाऊल ठेवलं तिथेच पाऊल ठेवत. शाळकरी पोरी हसल्या. मावशींनी पाणी ओंजळीत घेऊन डोक्याला लावलं आणि तशीच दुसरी ओंजळ मामांच्या पटक्याखाली कपाळाला लावली. मला माझी आई आठवली आणि मी चूळ भरायला खाली वाकले, म्हणजे कुणी तोंडाकडे बघू नये.

परत येताना हिंगोलीच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. झणझणीत आहे, दही मागून घ्या. मामांनी माझ्या मिसळीचे पैसे मला देऊ दिले नाहीत. घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मामांनी मेंढरं वाड्यात घातली, हात धुतले आणि कट्ट्यावर येऊन बसले. टोपल्याकडे बघत म्हणाले, "काढा बाहेर."

मी बरणी त्यांच्या समोर ठेवली. ते वाकून बघू लागले. मिठाने आणि उन्हाने मासा आणखीच दगड झाला होता. आधी त्यांना मासा सापडेना, खरंच. मग मी डोळा दाखवला, मग तोंड, मग पाठीवरची काट्यांची रांग.

"एवढाच?"

"वाळून थोडा आकसलाय. पण हो, एवढाच."

मामांनी बरणी हातात घेतली, उन्हाकडे धरली, फिरवली. मी झाकणावर हात ठेवून होते. त्यांना सांगितलं की काटे अजूनही लागू शकतील. ते म्हणाले, "न्हाई उघडत." मग पुन्हा तोंडाशी थांबले. "हे तोंड उघडून केवढं होतं?"

मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "बोटाएवढी मासळी जेमतेम जाते."

"बोटाएवढी." त्यांनी स्वतःची करंगळी बरणीला लावून बघितली. मग मावशींच्या पायाकडे बघितलं. कणखर, भेगाळलेला, चांगला रुंद पाय. मग परत त्या तोंडाकडे. मी आयुष्यात पाहिलेल्या हिशेबांमधला हा सगळ्यात सावकाश हिशेब असेल.

"म्हंजे हिच्यासाठी नव्हता बसला."

"नाही हो मामा. तो त्याच्या पोटापाण्यासाठी बसतो. माणूस दिसला तर त्याचं काय? त्याला पळायची सवय नाही, एवढंच."

"अन् काटे?"

"अंगावर काही पडलं की उभे राहतात. स्वतःहून तो कुणाला मारत नाही."

"भेला व्हता," मामा म्हणाले.

वाड्यात मेंढरं एकमेकांवर अंग घासत होती. मग मामांनी फारच हळू विचारलं, "वाचला असंल का त्यो? हिचा पाय पडला त्याच्यावर. हिचं वजन काय कमी न्हाई."

मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "माझा पाय सुजला तवा न्हाई विचारलं, अन् त्या मुडद्याला विचारून राहिले." मामाही हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघितले, वरचे दोन नाहीत. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी पटक्याच्या टोकाने पुसले, आणि या वेळी मीही लपवलं नाही. मी सांगितलं की वाचला असेल, वाळूत रुतला की त्याला फारसं काही होत नाही. मला ते नक्की माहीत नाही. पण शक्य आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची तयारी करत होते. मामांनी वाड्याचं फाटक उघडलं, मेंढरं बाहेर पडली आणि ते काठी घेऊन उभे राहिले. मावशी ओट्यावर. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच. मामांनी काठी एकदा या हातातून त्या हातात केली, मग ओट्यापाशी आले आणि ती मावशींपुढे धरली. मावशींनी चप्पल पायात सरकवली, काठी घेतली आणि मेंढरांमागे निघाल्या. पाठीमागे वळूनही बघितलं नाही त्यांनी. माझा निरोप घ्यायचासुद्धा राहिला, आणि मला त्याचा जराही राग आला नाही. माळावर चढताना त्यांची चाल बघत राहिले. ओट्यावर बसलेली बाई ती ही नव्हेच.

मामा फाट्यापर्यंत सोडायला आले. हळकुंडांची एक पिशवी दिली. बरणी मी परत घेणार होते, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. गावात कुणाला खरं वाटत न्हाई, दाखवतो." एसटी येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या दर्याला नमस्कार कसा करावा मग? चप्पल घातली तर पाप, काढली तर ताप." मी म्हटलं, विचार करून सांगते.

विचार गाडीत केला. घरी येऊन आता थोडे दिवस झाले. हळकुंडं मी कुटून घेतली, स्वयंपाकघराला अजून त्या रस्त्याचा वास येतो. आणि आमच्याकडे घाटावरून जे पाहुणे येतात त्यांना मी आता नुसतं बजावत नाही. सोबत जाते. कोरड्या वाळूवर सगळ्यांना चपला काढायला लावते, लाट पायाशी आली की ओंजळ डोक्याला, नमस्कार, आणि मग चपला घालून खडकांकडे. भाऊ म्हणतो, "नवो देव काढलंस गो." काढला तर काढला. गेल्या रविवारी लातूरकडच्या एका आजींनी आधी वाळूवर डोकं टेकवलं आणि मग बिनघोर बूट घातले.

काल संध्याकाळी मावशींचा फोन आला. मागे घंटांचा आवाज, वारा, एक कोकरू ओरडत होतं. त्या माळावरूनच बोलत होत्या. पाय कसा आहे विचारलं तर म्हणाल्या, "पायाला काय झालंय?" मी म्हटलं, मामा कुठे आहेत?

"घरी हायेत. भाकरी टाकतो म्हनले." मग त्यांचा आवाज खाली आला. "पर त्या मोठ्या बाभळीमागं पांढरा पटका दिसून राहिला मला. रोजच येतेत. त्यांना वाटतं, मला दिसत न्हाई. टपून बसतेत."

"मग हाक मारा की त्यांना."

"न्हाई माय, बसू दे," मावशी म्हणाल्या. "भाकर मी दोघांची बांधून आणते. भूक लागली की येतेत आपसूक."